चौकट कुठे मोडते ते बघा: नकाशावरून सस्कॅचवानचा नदीकाठ वाचण्याची रीत

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात सस्कॅटूनहून प्रिन्स अल्बर्टकडे ११ नंबरच्या हायवेने निघालं की आपल्या मंडळींचं मत तासाभरात पक्कं होतं: इथे बघण्यासारखं काही नाही. दोन्ही बाजूंना गहू आणि कनोला, वर आभाळ, मध्ये एखादा धान्याचा उंच कोठार. नदी पूर्वेला बरोबरीने वाहत असते, पण ती खोल दरीत असल्यामुळे हायवेवरून बहुतेक दिसतच नाही. त्यामुळे हा मुलूख काचेतून बघायचा नाही, आधी नकाशावर बघायचा.

कॅनडाच्या प्रेअरीचा, म्हणजे या सपाट गवताळ मुलुखाचा, नकाशा वाचायला एक नियम पुरतो. इथली जमीन पट्टीने आखलेली आहे, म्हणजे चौकोन हा इथला नेम. जिथे चौकोन मोडतो, तिथे थांबायचं आणि का मोडला ते विचारायचं. त्याचं उत्तर कधी भूगोलात सापडतं, कधी इतिहासात, आणि चांगल्या जागी दोन्हींत. मी उदाहरणाला साउथ सस्कॅचवान नदीकाठचं बटॉश घेतलं आहे. मॅनिटोबातल्या रेड नदीला किंवा असिनिबॉइनलाही हीच रीत लागू पडते.

नकाशे जमवा

मूळ आधार म्हणजे कॅनडा सरकारची राष्ट्रीय स्थलदर्शक नकाशामाला, एनटीएस. तिचे १:५०,००० आणि १:२,५०,००० असे दोन संच आहेत आणि दोन्ही सरकारी संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. दोन्ही घ्या. १:२,५०,००० वर मुलुखाची ठेवण कळते, १:५०,००० वर गाव कळतं. १:५०,००० मध्ये दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, एवढं डोक्यात ठेवलं तर बोटाने अंतर मोजता येतं.

पत्रक शोधायची पद्धत एकदा समजून घ्या, कारण तीच गंमत पुढे पुन्हा भेटणार आहे. सस्कॅटूनचं १:२,५०,००० चं पत्रक ७३बी. ते ५२ ते ५३ उत्तर अक्षांश आणि १०६ ते १०८ पश्चिम रेखांश एवढं क्षेत्र व्यापतं. त्याचे सोळा तुकडे केले की १:५०,००० ची पत्रकं होतात. आकडे आग्नेय कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेकडे १ ते ४, मग वरच्या ओळीत उलटे पूर्वेकडे ५ ते ८, असे नागमोडी वर चढतात. बटॉश साधारण ५२ अंश ४५ मिनिटे उत्तर आणि १०६ अंश ७ मिनिटे पश्चिम. हिशेब केला की ते अगदी ९ आणि १६ या पत्रकांच्या सांध्यावर येतं. बघण्याजोगी जागा नेमकी दोन पत्रकांच्या कडेवर येणं हा नकाशावाल्यांचा जुना छळ आहे. ७३बी/९ आणि ७३बी/१६ दोन्ही उतरवा आणि संगणकावर शेजारी जोडा.

याशिवाय तीन गोष्टी हव्यात. एक, उपग्रहचित्र, गूगल अर्थ चालेल. दोन, जुने टाउनशिप प्लॅन, म्हणजे मूळ मोजणीचे नकाशे. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संग्रहात ते मिळतात आणि त्यांवर मोजणीच्या वेळची पायवाट, दलदल, गवताचं कुरण, झाडीची झुडपं नोंदलेली असतात. तीन, त्या भागाच्या ग्रामीण नगरपालिकेचा नकाशा. इथे तिला सगळे ‘आरएम’ म्हणतात. तिच्या नकाशावर कोणता तुकडा कोणाचा हे लिहिलेलं असतं, आणि तो त्यांच्या कार्यालयात विकत मिळतो.

एक सावधगिरी. अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात तो जुन्या पत्रकांचा ‘नॅड २७’ आहे, नव्यांचा ‘नॅड ८३’. समासात कोणता आधार छापलाय ते बघून मगच जीपीएसचा आकडा त्यावर टाका, नाहीतर प्रेअरीवर दोनशेएक मीटरचा फरक पडतो. नदीकाठी दोनशे मीटर म्हणजे तुम्ही काठावर की पाण्यात, एवढा प्रश्न असतो.

आधी फक्त नदी

रस्ते, गावं, नावं सगळं डोळ्यांआड करा आणि फक्त निळी रेघ पकडा. ही नदी अल्बर्टात बो आणि ओल्डमन या दोन नद्यांच्या संगमातून होते, १९६७ मध्ये पुऱ्या झालेल्या गार्डिनर धरणातून सुटते, सस्कॅटून ओलांडते आणि उत्तरेकडे जाऊन प्रिन्स अल्बर्टच्या पूर्वेला नॉर्थ सस्कॅचवानला मिळते. म्हणजे बटॉशपाशी ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. हे आधी मनात पक्कं करा, कारण आपल्या डोळ्याला नकाशावरचं पाणी खाली वाहतंय असंच वाटत राहतं.

आता तपकिरी समोच्च रेषा. पठारावर त्या इतक्या विरळ असतात की बोटभर जागेत एकही सापडत नाही. नदीजवळ आल्या की एकदम दाटतात. ही दाटी जिथे सुरू होते ती दरीची कड. पेन्सिलने दोन्ही काठांची कड ओढा. दोन कडांमधली जागा नदीच्या पात्रापेक्षा कितीतरी रुंद निघेल. हिमयुग सरताना वितळलेल्या बर्फाचं पाणी जेव्हा या बाजूने वाहत होतं, तेव्हाच्या या मोठ्या खोदकामात आजची नदी राहते आहे.

कडेवरून आत घुसलेल्या व्ही आकाराच्या रेषा म्हणजे घळी. इथे त्यांना ‘कूली’ म्हणतात. व्हीचं टोक चढाकडे असतं. या घळी नीट बघा, कारण मेटींनी, म्हणजे युरोपीय आणि मूळनिवासी अशा मिश्र वंशाच्या लोकांनी, सरकारविरुद्ध केलेल्या उठावातली २४ एप्रिल १८८५ ची फिश क्रीकची लढाई यांपैकीच एका घळीत झाली. मेटींचा सेनानी गॅब्रिएल ड्यूमाँ याची माणसं घळीच्या झाडीत खाली दबा धरून होती आणि सरकारी फौजेच्या जनरल मिडलटनचे सैनिक वर पठाराच्या कडेला आले की त्यांची आकृती आभाळावर उठून दिसायची. वर असणाराचं पारडं जड, ही आपली किल्ल्यांवरून घडलेली समजूत इथे उलटी पडते. नकाशावर घळीतून कडेपर्यंतची रेषा ओढून उंचीचा छेद काढा, म्हणजे खालच्या माणसाला काय दिसत होतं ते कळेल.

हिरवा रंगही वाचायचा. दरीच्या ज्या उताराचं तोंड उत्तरेला, तिथे ओल टिकते आणि झाडी दाट असते. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार उन्हाने कोरडा पडतो आणि तिथे गवत राहतं. घळीच्या दोन बाजूंना हिरवा रंग सारखा नसेल तर छपाईची चूक समजू नका. पात्रातले ठिपक्यांचे पट्टे म्हणजे वाळू. त्यांच्यावर मात्र भरवसा नको, ती जागा बदलत असते.

जे पाणी नदीला मिळत नाही

नदीपासून दहा किलोमीटर दूर जा. नकाशावर निळे ठिपके पसरलेले दिसतील, शेकड्यांनी. त्यांत ओढा येतही नाही आणि निघतही नाही. ही ‘स्लू’, म्हणजे हिमनदीने मागे टाकलेल्या गाळात बर्फाचे तुकडे गाडले गेले, ते वितळल्यावर राहिलेले खळगे. तुटक निळी कड असेल तर ते डबकं उन्हाळ्यात आटतं. समोच्च रेषेच्या बंद वर्तुळाला आतून बारीक दाते असतील तर तो खळगा आहे, टेकडी नव्हे.

आपल्याकडे पाणलोट म्हटलं की पडलेला प्रत्येक थेंब ओढ्यातून नदीला जाणार हे आपण धरूनच चालतो. प्रेअरीवर तसं धरू नये. इथे फार मोठ्या क्षेत्राचं पाणी साधारण वर्षी नदीपर्यंत पोचतच नाही. ते डबक्यातच मुरतं किंवा उडून जातं. म्हणून इथल्या जलशास्त्राच्या नकाशांवर एकूण पाणलोट वेगळा आणि नदीला खरंच पाणी देणारा पाणलोट वेगळा दाखवतात. पाणी उडून क्षार मागे राहिलेल्या तळ्यांच्या नावात ‘अल्कली’ हा शब्द आला की त्याच्या काठाला पांढरी साय असणार हे न बघता ओळखा.

चौकोनाचा पत्ता

आता रस्ते परत आणा. काळ्या-लाल रेघांची जाळी दिसेल. हे डोमिनियन लँड सर्व्हे, १८७१ मध्ये सुरू झालेली मोजणी. १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर फी भरणाऱ्याला १६० एकर मिळण्याची सोय झाली, आणि एवढ्या जमिनी वाटायच्या तर त्यांना आधी नंबर हवे होते.

रचना अशी. सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन म्हणजे टाउनशिप. त्यात एक-एक चौरस मैलाची छत्तीस सेक्शनं. प्रत्येक सेक्शन ६४० एकर आणि त्याचे चार क्वार्टर, १६० एकरांचे. छत्तीस सेक्शनांचे नंबर आग्नेय कोपऱ्यातून सुरू होऊन नागमोडी वर जातात. एनटीएसच्या पत्रकांसारखेच, तीच गंमत. ८ आणि बहुतेक २६ नंबरचं सेक्शन हडसन्स बे या जुन्या व्यापारी कंपनीचं, ११ आणि २९ शाळांसाठी राखून ठेवलेलं, आणि बऱ्याच भागात विषम नंबर रेल्वे कंपन्यांना दिलेले.

टाउनशिपचा आकडा ४९ व्या अक्षांशापासून, म्हणजे अमेरिकेच्या सीमेपासून, उत्तरेकडे मोजतात. रेंज म्हणजे टाउनशिपांची उभी रांग; तिचा आकडा मेरिडियनपासून, म्हणजे मोजणीसाठी ठरवलेल्या रेखांशरेषेपासून, पश्चिमेकडे. तिसरा मेरिडियन १०६ अंशावर आहे.

बटॉशचा पत्ता स्वतः काढून बघा. ५२ अंश ४५ मिनिटांतून ४९ वजा केले की पावणेचार अंश. अंशाला सव्वा एकशे अकरा, म्हणजे १११.२५ किलोमीटर धरले तर ४१७ किलोमीटर. एक टाउनशिप, मधले रस्ते धरून, सुमारे ९.७२ किलोमीटर. भागाकार ४२.९. म्हणजे बटॉश ४३ व्या टाउनशिपच्या उत्तर टोकापाशी. पश्चिमेकडे १०६ पासून सात मिनिटं. या अक्षांशावर तेवढे आठेक किलोमीटर होतात, म्हणजे पहिलीच रेंज. पत्ता झाला: टाउनशिप ४३, रेंज १, तिसऱ्या मेरिडियनच्या पश्चिमेला. इथला शेतकरी तो ‘४३-१-डब्ल्यू ३’ असा सांगतो, आणि पुढे सेक्शन आणि क्वार्टर जोडतो. पोस्टाचा पत्ता पाठ नसेल, पण स्वतःच्या क्वार्टरचा हा आकडा त्याला तोंडपाठ असतो. गट नंबर विचारल्यावर आपला शेतकरी अडखळतो का? तसंच.

रस्त्यांची जाळी बघताना एक खूण. या भागात उत्तर-दक्षिण रस्त्याची जागा दर मैलाला सोडलेली आहे, पूर्व-पश्चिम दर दोन मैलांना. गाडीत नकाशा नसला तरी चौक मोजून अंतर काढता येतं. ही सोडलेली पट्टी ६६ फुटांची, म्हणजे मोजणीची एक साखळी. आपल्याकडच्या मोजणीतली सोळा आण्यांची साखळी ३३ फुटांची आणि गुंठा ३३ बाय ३३ चा. इथली साखळी बरोबर दुप्पट. त्यामुळे आकडे आपल्या माणसाला लगेच जमतात: एक क्वार्टर म्हणजे ६,४०० गुंठे.

ही पट्टी म्हणजे आपली पाणंद. सरकारी, पण कोणाच्याच शेतात न धरलेली. १८८५ नंतर जमिनी गेलेली अनेक मेटी कुटुंबं याच पट्ट्यांवर खोपट्या बांधून राहिली आणि ‘रोड अलाउन्स’ची माणसं म्हणूनच ओळखली गेली. नकाशावर दोन बारीक रेघांमधली मोकळी जागा दिसते ना, तिथे.

चौकट मोडते त्या जागा

आता खरं काम. पत्रकावरून नजर फिरवा आणि जाळीत न बसणारं सगळं पेन्सिलने गोल करा.

सगळ्यात आधी नदीकाठ दिसेल. बटॉशच्या आसपास चौकोन नदीपर्यंत येतच नाहीत. त्यांच्या जागी नदीला आडव्या जाणाऱ्या लांबट, अरुंद पट्ट्या आहेत, फणीच्या दातांसारख्या. उपग्रहचित्रात आजही शेताच्या कडा आणि झाडांच्या रांगा त्याच तिरप्या दिशेने गेलेल्या दिसतात. हे मेटी लोकांचे नदीपट्टे. प्रत्येकाला पाण्याचं तोंड, काठाची झाडी, मग घर, मग शेत, आणि मागे गवताचं रान. शेजाऱ्याचं घर हाकेच्या अंतरावर.

माप बघा. नमुन्याचा पट्टा नदीवर दहा साखळ्या रुंद आणि दोन मैल लांब. दोन मैल म्हणजे १६० साखळ्या. दहा गुणिले १६०, सोळाशे चौरस साखळ्या, आणि दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. म्हणजे १६० एकर! सरकारी क्वार्टर चाळीस बाय चाळीस साखळ्या, तोही १६० एकरच. क्षेत्र तेच, आकार वेगळा. पण चौकोन पाडले की नदीचं तोंड काही थोड्यांच्या वाट्याला येतं आणि बाकीच्यांना कोरडी जमीन मिळते. काठावरचा काही भाग पट्ट्यांनी मोजला गेला, बाकीचा चौकोनांनी, आणि हक्काच्या कागदांसाठी राजधानी ओटावाला अर्ज जात राहिले. १८६९ मध्ये रेड नदीवर हाच वाद पेटला होता. ११ ऑक्टोबरला मेटींचा पुढारी लुई रिएल याने मोजणीदारांच्या साखळीवर पाय ठेवला होता. सोळा वर्षांनी, ९ ते १२ मे १८८५ ला, बटॉशला शेवटची लढाई झाली आणि नोव्हेंबरात रिएलला रिजायनात फाशी दिलं. त्या लढ्याची कारणं आणखीही होती, पण जमिनीचं कारण पत्रकावर आजही छापलेलं मिळतं.

दुसरी जागा मूळनिवासींच्या राखीव क्षेत्रांची. बटॉशच्या पूर्वेला वन ॲरो, नदीपलीकडे डक लेकजवळ बिअर्डीज आणि ओकेमासिस. नकाशावर ‘आय. आर.’ (इंडियन रिझर्व्ह) आणि पुढे नंबर. मूळनिवासींशी झालेल्या १८७६ च्या सहाव्या तहानंतर यांच्या हद्दी आखल्या गेल्या. मैलामैलावरचे रस्ते इथे हद्दीशी येऊन थांबतात किंवा वळतात. आतली झाडी आणि गवत आणि बाहेरची नांगरलेली जमीन यांतला फरक उपग्रहचित्रात तपासून बघा.

तिसरी जागा दक्षिणेला, हेग आणि ऑस्लरच्या बाजूला. एरवी प्रेअरीवर घरं सुटी, प्रत्येक क्वार्टरवर एक. इथे मात्र एका सरळ गल्लीच्या दोन्ही बाजूंना घरांची रांग आणि मागे पट्टे: नॉयअनलागे, नॉयहॉर्स्ट. ही मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची गावं. प्रत्येकाने आपल्या क्वार्टरवर राहिलं पाहिजे ही अट कायद्याने त्यांच्यासाठी सैल केली, म्हणून ती अशी एकत्र वसू शकली.

चौथी मोडतोड कोणी केलेली नाही, पृथ्वीच्या गोलाईने केली आहे. मेरिडियन उत्तरेकडे जवळ येतात, म्हणून चौकोन अरुंद होत जातात आणि दर चार टाउनशिपांनी मोजणी दुरुस्त करावी लागते. अशी एक दुरुस्तीची रेषा ४२ आणि ४३ व्या टाउनशिपांच्या मध्ये, साधारण रोस्थर्नच्या अक्षांशावर जाते. तिथे उत्तर-दक्षिण रस्ता अचानक बाजूला सरकतो, थोडा पूर्व-पश्चिम जातो आणि मग पुन्हा सरळ होतो. हिशेबाने दर रेंजमागे साधारण ७५ मीटर. मेरिडियनला चिकटलेल्या पहिल्या रेंजमध्ये ते जाणवणारही नाही, तिसऱ्या-चौथ्या रेंजमध्ये रात्री गाडी चालवताना चांगलंच जाणवेल.

पाचवी, जुनी वाट. फोर्ट गॅरीहून (आजचं विनिपेग) एडमंटनला जाणारा कार्लटन ट्रेल इथेच नदी ओलांडायचा आणि तरीच्या, म्हणजे फेरीच्या, धंद्यावरच बटॉश वसलं. आजच्या पत्रकात ही वाट सापडणार नाही. जुन्या टाउनशिप प्लॅनवर ती चौकोनांना न जुमानता वाकडीतिकडी गेलेली दिसते. ती पारदर्शक कागदावर उतरवा आणि नव्या पत्रकावर ठेवा. ती बहुधा डबकी टाळून, दरीचा सोपा उतार धरून गेलेली असते. बैलगाड्यांनी समोच्च रेषा छापल्या जाण्याच्या आधीच वाचल्या होत्या.

रेल्वे आणि मोडलेली गावं

रेल्वेचा भाग थोडक्यात. रिजायनाहून प्रिन्स अल्बर्टला जाणारी लाइन १८९० मध्ये पुरी झाली, ती नदीच्या पश्चिमेने, रोस्थर्न आणि डक लेकवरून. बटॉश पूर्वेच्या काठावर. बाजारपेठ कोणत्या काठाला गेली हे आता सांगायला नको.

रेल्वेवरची गावं आठ-दहा मैलांवर येतात, कारण घोड्याच्या गाडीने धान्य टाकून संध्याकाळी घरी परतता आलं पाहिजे. सस्कॅटूनच्या आग्नेयेला ग्रँड ट्रंक पॅसिफिकच्या लाइनवर नावंसुद्धा बाराखडीने ठेवली आहेत: वॉट्रस, झीना, यंग, झेल्मा, आणि मुळाक्षरं संपल्यावर पुन्हा ॲलन, ब्रॅडवेल, क्लॅव्हेट. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने म्हणून बघा. कारकुनाने टेबलाशी बसून मुलुखाला नावं दिली की असं होतं. नदीकाठच्या सेंट लॉरेंट, बटॉश, गॅब्रिएल्स क्रॉसिंग या नावांशी ताडून बघा.

१९९५ मध्ये धान्यवाहतुकीचं सरकारी अनुदान संपलं आणि बऱ्याच शाखा उखडल्या गेल्या. नव्या पत्रकावर तुटक रेघ किंवा नुसतीच झाडांची तिरपी ओळ दिसली तर जुनं पत्रक काढा, तिथे रूळ सापडतील. तसंच शेताच्या मध्ये झाडांचा चौकोन असेल, पश्चिम आणि उत्तर बाजूला जास्त दाट, आणि आत घर नसेल, तर तिथे एकेकाळी घर होतं. झाडं वायव्येचा वारा अडवायला लावलेली. १९१७ ते १९३० च्या काळात निघालेले कमिन्स कंपनीचे जमीनधारकांचे नकाशे मिळाले तर त्या घराचं आडनावही सापडतं.

मग गाडी काढा

घरी गोल केलेल्या जागांपैकी चार-पाचच निवडा. बटॉशला पूर्वेकडून २२५ नंबरचा रस्ता जातो. गॅब्रिएल्स ब्रिजवरून ३१२ ने रोस्थर्नकडे परतता येतं आणि वाटेत फिश क्रीकची घळ जवळ पडते. बटॉशला काठाच्या कडेवर उभं राहून मेटींनी खणलेल्या खड्ड्यांची जागा आणि तुम्ही ओढलेली दरीची कड जुळते का ते पाहा.

पत्रकावर रस्ता आहे म्हणजे रस्ता आहे असं समजू नका. तुटक रेघेचा मातीचा रस्ता पावसानंतर चिकणमाती होतो आणि आपली शहरी गाडी तिथे अडकते; आपल्याकडची काळी माती पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. हेग आणि सेंट लॉरेंटच्या फेरीबोटी अजून चालतात, पण नदी गोठली की बंद, त्यामुळे नकाशावर ‘फेरी’ वाचून ऑक्टोबरनंतर बेत आखण्याआधी प्रांताच्या रस्तेमाहितीवर बघून घ्या. कुंपण नसलेलं रानही खासगी असतं. १ जानेवारी २०२२ पासून सस्कॅचवानात शेतजमिनीवर पाय ठेवायला मालकाची आधी परवानगी लागते, आणि मालक कोण हे शोधायला आरएमचा तो नकाशा पुन्हा उपयोगी पडतो.